छबूची खिरापत

लोकं म्हणतात, कमलाबाई, दहा वर्षांच्या पोट्टीच्या खाऊसाठी एवढं रामायण काऊन करता? मी म्हणते, एक महिना आपल्या घरी भुलाबाई बसवून पाहा, आन मंग या माह्यासंग बोलाले.

आमच्या सिंदीत भादव्याची पुनव झाली का घरोघरच्या पोट्ट्या भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, बाजूले मातीचे भुलोजी. ते कोजागिरीपर्यंत बसून राह्यतात, त्यायले काय जाते? संध्याकाळ झाली का गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्या या घरून त्या घरी जातात, गाणे म्हणतात, आन गाणे झाले का त्या घरची खिरापत. खिरापत म्हणजे खाऊच, पण तो सरळ हातावर नाई ठेवत. डब्यात झाकून, वरून फडकं बांधून भुलाबाईसमोर ठेवाचा. पोट्ट्या डबा हलवतात, नाक लावून वास घेतात, गोड का तिखट, नरम का कडक असं विचारतात, आन ओळखतात. ओळखलं तं त्या घरची पोट्टी हारली. कोणालेच नाई ओळखू आलं तं साऱ्याजणी 'हारलो' म्हणतात, आन ती पोट्टी मंग दोन दिवस जमिनीवर पाय ठेवत नाई.

आता महिनाभर रोज नवीन काय कराचं, ते सांगा! साखर राशनची, तेलाचा डबा आटून राह्यला, आन रोज दुपारी माह्या डोकशात तोच भुंगा, की आज डब्यात काय घालू. बरं, घालून तरी काय उपयोग? शंकरपाळे केले, ते आवाजावरून ओळखले. चिवडा केला, तं बाजूच्या यशोदाबाईची शकुन आंगणात पाय ठेवाच्या आधी फाटकातूनच ओरडली, "चिवडा!" नाक हाये का काय हाये त्या पोट्टीले! शेंगा उकडल्या, तं आमचा सहा वर्षांचा नत्थू सदऱ्याले टरफलं चिकटवून गल्लीभर मिरवून आला.

खरं सांगू का, आमचं घरच मुळात चाळणी हाये. माह्या सासूबाई, देवकाबाई, मी त्यायले आत्याबाई म्हणते. त्या नळावर उभ्या राहून सांगतील, "आज आमच्याकडे साबुदाण्याचे वडे हायेत बरं, पण कोणाले सांगू नका." छबूचे बाबा त्यायच्यावर कडी. ठेसनाच्या रस्त्यावर त्यायचं सरकी-ढेपीचं, म्हणजे ढोराच्या पेंडीचं दुकान. बैलाले ढेप घ्याले आलेल्या माणसाले सांगतील, "आज लवकर बंद करतो भाऊ, घरी अनारसे होऊन राह्यले." त्या माणसाची पोट्टी नेमकी आमच्याच गल्लीत! आन नत्थूचं तं नावच काढू नका. एक पेपरमिंट दाखवा आन घरातलं काय पाहिजे ते विचारून घ्या.

यात हाल होऊन राह्यले होते छबूचे. सारा महिना सरत आला, साऱ्या पोट्ट्या कधी ना कधी जिंकल्या, एकटी आमची छबू रोज हारे. कोजागिरीले साऱ्याजणी एकाच घरी जमतात आन खिरापत मिळून करतात, तिथं हार-जीत नसते. म्हणजे कोजागिरीचा आदला दिवस तेवढा उरला होता. त्याच्या आदल्या संध्याकाळी छबू शाळेतून आली, दप्तर फेकलं, आन ताटावर बसेच ना.

"काऊन वो? काय झालं?"

"शकुन म्हणे, छबूच्या घरी डबा हलवाची बी गरज नाई. तिचा भाऊच सांगून देते."

"म्हणू दे तिले. तू जेव."

"आई, उद्या बी ओळखलं ना, तं मी पुढच्या वर्षी भुलाबाई बसवनारच नाई. कधीच नाई."

आन ती भिंतीकडे तोंड करून रडाले लागली. आता आमची छबू रडते तेव्हा पार ठेसनावर ऐकू जाते. पण त्या दिवशी आवाज न करता रडली. मले ते सहन नाई झालं. म्हटलं, कमले, रांधण्यात तू काही कोणाले हारणारी नाई, मंग तुही लेक काऊन रोज हारते? उद्या असं काही करून दाखव का त्या शकुनचं नाक बी गप बसलं पाहिजे आन यशोदाबाईचं तोंड बी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडे घासता घासता परसातल्या पपईवर नजर गेली. हिरवी कच्ची पपई, हातभर लांब. तिच्या वड्या! किसून, साखरेत आटवून थापायच्या. तळण नाई, फोडणी नाई, म्हणजे वास नाई. विलायची बी घालाची नाई, विलायचीनं चोरी पकडल्या जाते. आन वडी नरम, म्हणजे डबा कितीही हलवा, आवाज नाई. मले तं इतका आनंद झाला का मी राखेच्या हातानंच पदर खोचला.

आता घर रिकामं कराचं होतं. आत्याबाईले म्हटलं, मंदिरात भागवत सुरू हाये, तुमी जा, बसाले समोर जागा भेटेल. त्यायले नवल वाटलं, कारण मी कधी असं म्हणत नाई. पण गेल्या. हे दुकानात, पोट्टे शाळेत. मी दार लावून घेतलं आन पपई किसाले बसली.

अर्धी किसून झाली, तं मागच्या दारातून नत्थू हजर.

"शाळा सुटली. गुरुजी गावाले गेले."

गुरुजीले बी आजच गावाले जाचं होतं! मी पपईवर पदर टाकला, पण त्याचे डोळे काय फुटले होते?

"आई, हे काय करून राह्यली?"

मी त्याचा कान धरला आन भुलाबाईसमोर नेऊन उभा केला. "घे शपथ. कोणालेच सांगणार नाई म्हण. आजीले नाई, बाबाले नाई, छबूले नाई, आन त्या शकुनले तं बिलकुल नाई."

"घेतली." मंग जरा विचार करून म्हणे, "पण कोणी विचारलं तं काय सांगू?"

"सांग, मले माहीत नाई."

"पण मले माहीत हाये ना."

आता याले काय म्हणाल? मी कपाळावर हात मारला. वड्या झाल्या का दोन तुले देईन म्हणून सांगतलं, डोळे वटारले, आन म्हटलं, जा, आंगणात खेळ, फाटकाबाहेर पाय टाकला तं तंगडं मोडीन.

वड्या काय सुरेख झाल्या होत्या म्हणून सांगू! हिरव्या, मऊ, तोंडात घातली का विरघळे. पितळी डब्यात रचल्या, झाकण लावलं, फडकं बांधलं, आन डबा भुलाबाईसमोर ठेवून मी आंघोळीले गेली. मंग केस वाळवत जरा आडवी झाली. सकाळपासून पाठ टेकवली नव्हती, झोप लागून गेली.

छबू शाळेतून आल्यावर मी तिले डब्यात काय हाये ते सांगतलं नाई. तिच्या थोबाडावर सारं दिसते, म्हणून. एवढंच म्हटलं, "गोड का असं विचारलं तं हाव म्हणजो. नरम का विचारलं तं हाव म्हणजो. तोंडात विरघळते म्हणजो."

"आन नाई ओळखणार ना कोणी?"

"त्यायच्या आईनं जन्मात नाई केलं असं ते हाये."

पोट्टीनं दोन वेण्या घालून घेतल्या, लाल फिती बांधल्या, आन संध्याकाळपर्यंत आत-बाहेर फिरत राह्यली.

दिवेलागणीले पोट्ट्या आल्या. त्यायच्या मागं यशोदाबाई बी आल्या, पदर नीट करत. म्हणे, सहज आली. सहज कशाची, मजा पाहाले आली होती. आत्याबाई भागवतातून येऊन बंगईवर झोके घेत बसल्या होत्या. हे बी दुकान बंद करून दारात उभे राह्यले. गाणे झाले. मले कधी नाई ते गाणे लांब वाटले. मंग शकुन पुढं झाली, डबा उचलला आन हलवला.

खडखड, खडखड.

वडी कधी खडखडते का बापा? मी माह्या हातानं रचलेल्या मऊ वड्या, आन डब्यात जसे कोणी गोटे भरले!

"गोड का तिखट?" शकुननं विचारलं.

"गोड," छबू म्हणाली.

"कडक का नरम?"

"नरम. तोंडात विरघळते."

साऱ्या पोट्ट्या एकमेकींकडे पाहाले लागल्या. शकुननं परत डबा हलवला. खडखड. "नरम हाये आन अशी वाजते?"

छबूनं माह्याकडे पाह्यलं. मी काय सांगू? मी मान हलवली, नुसती हलवली, हो का नाई ते मले बी माहीत नाई. पण पोट्टी घट्ट. "नरमच हाये म्हटलं ना! ओळखाचं तं ओळखा."

मंग सुरू झालं. फुटाणे. नाई. खडीसाखर. नाई. खारका. नाई. गुळाचे खडे, शेंगदाण्याची चिक्की, वाळलेली बोरं. एकजण म्हणे सुपारी. माहीत नसल्यानं छबू कशालेही नाई म्हणत सुटली होती, आन दर नाईसंग तिचं तोंड फुलून राह्यलं होतं. इतक्या दिवसांत पह्यल्यांदा तिचा डबा एवढा वेळ बंद राह्यला होता. मी मात्र घामाघूम. शकुन एक शब्द बोलत नव्हती. गालातल्या गालात हसत बसली होती. साऱ्या थकल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पपईच्या वड्या."

छबू झटकन माह्याकडे वळली. तिच्या थोबाडाले मी नावं ठेवत होती, पण त्या वक्ताले माह्या थोबाडावर काय दिसलं ते विचारू नका. पोट्टीले एका क्षणात समजलं. तिचे डोळे भरून आले, फितीच्या टोकाशी बोटं चाळा कराले लागले. मी साऱ्या खोलीत नत्थूले शोधलं. नत्थू नव्हता. माह्या डोकशात सणक उठली. पेपरमिंट! या लेकाच्यानं पेपरमिंट खाल्लं!

"हारली छबू," असं म्हणत शकुननं फडकं सोडलं, झाकण काढलं, आन डब्यात पाहातच राह्यली.

साऱ्या पोट्ट्यायनं मान पुढं काढली. मी बी काढली. डब्यात ढेप होती. फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या ढेपीचे तुकडे, दुकानात बैलांसाठी विकतो ते, मागच्या खोलीत पोतं राह्यते त्यातले.

"अवो, ही तं ढेप हाये!"

असा हशा उठला का विचारू नका. यशोदाबाई पदर तोंडात घालून हसून राह्यल्या. "कमलाबाई, ढोराचा खुराक भुलाबाईले?" मी काही बोलाच्या आधीच मधल्या दाराच्या मागून मोठा भोंगा वाजला, आन रडत रडत नत्थू बाहेर आला.

"म्या ठेवली! तू निजली तेव्हा मधल्या सुट्टीत शकुनताईनं फाटकातून पेपरमिंट देलं, आन माह्या तोंडातून निघून गेलं. मंग मले लय वाईट वाटलं. मंग मी बदलून टाकलं. ढेप कोणालेच सुचत नाई म्हणून."

"आन वड्या?" मी विचारलं. "वड्या कुठी हायेत?"

"खाल्ल्या," तो म्हणाला. "लपवाले जागाच नाई भेटली."

छबूच्या बाबाले हसू आवरेना. मी एक नजर टाकली, तशी त्यायनं मिशीवरून हात फिरवला आन छताकडे पाह्यलं.

शकुननं मात्र हातची बाजी सोडली नाई. "हे काही खरं नाई! माणसाले खाता येत नाई ते खिरापत कसं होईल? छबू हारली."

"हारली, हारली!" साऱ्या ओरडल्या. कोणीतरी म्हणे, "ढेप खाते तो नत्थू! नत्थू ढोर!" आन मंग साऱ्या टाळ्या पिटत तेच म्हणाले लागल्या. नत्थू दोन्ही हात डोक्यावर ठेवून मधात उभा. त्याले माहीत होतं आता मार पडणार. आन पडणारच होता, खोटं काऊन बोलू? साखर गेली, मेहनत गेली, गल्लीत शोभा झाली. माहा हात उठलाच होता.

तेवढ्यात छबू उठली. मले वाटलं, माह्या आधी हीच त्याले झोडपते. महिनाभर तिचा दात होता त्याच्यावर. ती त्याच्याजवळून गेली, शकुनच्या हातातला डबा ओढून घेतला, त्यातला चांगला मोठा तुकडा उचलला आन तोंडात टाकला.

कडाड!

टाळ्या थांबल्या. नुसता तिच्या चावण्याचा आवाज.

"कोण म्हणते खाता येत नाई?" तोंड भरलेलं, शब्द धड निघेनात. "आन त्यानं नाई ठेवली. मीच त्याले ठेवाले सांगतली होती. ओळखली का कोणी? सांगा ना, ओळखली?"

छबूनं दुसरा तुकडा घेतला. डोळ्यातून पाणी चाललं होतं, पण जबडा काही थांबत नव्हता. "गोड हाये," ती म्हणाली. "नरम हाये. तोंडात विरघळते."

माह्या वर केलेल्या हातानं मी डोळेच पुसले.

बंगईची कडी वाजाची थांबली. आत्याबाई खाली उतरल्या. नळावरच्या आत्याबाई वेगळ्या आन या वेगळ्या, सांगून ठेवते. "भुलाबाईपुढं ठेवलं, वरतून गाणे झाले," त्या म्हणाल्या. "म्हणजे परसाद झाला. भुलाबाईच्या परसादाले नाई म्हणाची आपल्यात रीत नाई. चला, हात काढा पोट्ट्यायनो."

पोट्ट्या एकमेकींच्या मागं लपाले लागल्या. पण परसाद म्हटल्यावर करतील काय? एकेकीनं हात पुढं केला. छबूनं साऱ्यायच्या हातावर एक एक तुकडा ठेवला. शकुनचा जरा मोठा निघाला, आता निघाला म्हणजे निघाला.

"यशोदे, तू बी घे," आत्याबाई म्हणाल्या.

"माहे दात दुखून राह्यले."

"मंग चघळ."

त्यानंतर आमच्या घरात जे कडकड-कुडकुड सुरू झालं, तसं गोठ्यात बी होत नसेल. छबूचे बाबा दारातून म्हणतात, "माल एकदम चोख हाये बरं. भेसळ नाई." एका बारक्या पोट्टीनं आपला तुकडा संपवला आन अजून मांगतला. ते पाहून बाकीच्या जरा नीट चावाले लागल्या. म्हणे, शेंगदाण्यासारखीच लागते. शकुन सगळ्यायच्या शेवटी गिळून मोकळी झाली. आत्याबाई तिच्यासमोर तशाच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"हारलो," शकुन म्हणाली. मंग साऱ्याजणी म्हणाल्या.

त्या गेल्यावर छबू न्हाणीत बसून गुळण्या करत होती. गडवाभर पाणी संपलं तरी थुंकत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, "अवो पण बाई, तू काऊन खाल्ली ढेप? त्याच्यापाई तं तुही सारी फजिती झाली."

तिनं तोंड पुसलं. "मंग? साऱ्या मिळून त्याले ढोर म्हणून राह्यल्या होत्या. माहा भाऊ हाये तो. त्याले ढोर म्हणाचं तं मी म्हणीन. त्या कोण होतात?"

असं म्हणून ती तरातरा मागच्या खोलीत गेली. तिथं नत्थू ढेपीच्या पोत्याआड बसला होता. मले पह्यले एक दणकट धपाटा ऐकू आला, आन मंग त्याचा भोंगा. मी पदर खोचून धावली, पण दारातच थांबली. म्हटलं, मारू दे एखादा, आज तिचा हक्क हाये.